सरनोबतांच्या पिस्तुलाला लागलेलं रक्त

न्यूझीलंडात दिवाळी तिथीवर येत नाही, हॉल मोकळा असेल त्या शनिवारी येते. गेल्या वर्षी ती नोव्हेंबरात आली आणि वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये फराळाच्या ताटांबरोबर एक बातमीही फिरली. चकल्या संपल्या, बातमी संपेना. बातमी अशी, की शेजारच्या लोअर हटच्या धैर्यशील सरनोबतानं दसऱ्याच्या सुमारास पिस्तुलानं माणूस उडवला. पिस्तूल रक्तानं माखलेलं होतं, बघणाऱ्यांनी ते बघितलं. मग पोलीस आले, पिस्तूल जप्त करून घेऊन गेले आणि प्रकरण दाबलं गेलं.

“दाबलं कुणी?”

“ते आपण विचारायचं नाही. चिवडा घ्या.”

मेलेला माणूस कोण, यावर एकमत नव्हतं. कुणी म्हणे फार्मसीत गोळ्या लुटायला आलेला पोरगा, कुणी म्हणे मागच्या अंगणात शिरलेला चोर. टौरंगाहून आलेल्या एका बाईंच्या हिशेबी दोन माणसं मेली होती. बरोबरच आहे. वेलिंग्टनहून टौरंगाला जायला सहा-सात तास लागतात, तेवढ्या रस्त्यात एखादा माणूस वाढणारच.

आणि स्वतः सरनोबत? तो चहाच्या थर्मासपाशी, एक हात खिशात घालून, खिडकीबाहेरच्या कार पार्ककडे अशा जड नजरेनं बघत उभा होता, की एखाद्यानं जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा.

आता हा मनुष्य कोण, ते आधी नीट बघून घ्यायला हवं. माणूस मारण्याच्या लायकीचा आहे का, ते त्याशिवाय कळायचं नाही.

नाव धैर्यशील. आईबापांनी घरात होतं नव्हतं तेवढं धैर्य नावात घालून टाकलं, पोराच्या वाट्याला काही उरलं नाही. आडनाव सरनोबत, म्हणजे घोडदळाचा मोठा अधिकारी. वडील मिरजेत वीज मंडळाचे मीटर वाचत फिरायचे, आजोबा कचेरीत कारकून होते. घोड्याशी या घराण्याचा ताजा संबंध म्हणजे स्टेशनापासून घरापर्यंतचा टांगा. पण भिंतीवर दोन आडव्या तलवारी आणि मधे ढाल, असं पितळी शोभेचं काम धैर्यशीलनं पुण्याच्या एअरपोर्टवर घेतलं होतं आणि ते लोअर हटच्या घरात हीट पंपाच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राच्या, बरोबर खाली लावलं होतं.

वीस वर्षांपूर्वी तो शिकायला म्हणून आला आणि राहिला. फार्मसीत नोकरी. काउंटरमागे पांढरा कोट घालून प्रत्येक गोळी दोनदा मोजायची, आणि आजीबाईंना “जेवणानंतर घ्या” हे तीनदा सांगायचं. कामात चूक नाही, त्या बाबतीत बोलायला जागा नाही. पण कामाबाहेर या माणसाला काय काय चालत नसे, त्याची यादी मोठी. शेजारच्यांचा कुत्रा चालत नसे, तो कुत्रा मांजराएवढा असूनही. समुद्रात गुडघ्याच्या वर पाणी चालत नसे. छपरावर पॉसम नावाचा झाडावरचा प्राणी धावायला लागला, की त्याची बायको सुखदाच टॉर्च घेऊन बाहेर जाई. ती हॉस्पिटलात नर्स. अपघाताच्या वॉर्डात रोज जे बघते, त्यापुढे पॉसम म्हणजे काहीच नाही.

“तू ये ना बरोबर,” ती एकदा म्हणाली होती.

“मी आतून लाइट दाखवतो,” धैर्यशील म्हणाला.

असल्या माणसाचं लोकांत काय होतं, ते उघड आहे. पार्टीत कुणी ऐकत नाही. तो बोलायला लागला की समोरचा माणूस त्याच्या खांद्यावरून पलीकडे कोण आलं ते बघायचा. त्याची वाक्यं अर्धी राहत. अर्ध्या राहिलेल्या वाक्यांवर या माणसानं पंधरा वर्षं काढली.

मग एका शनिवारी फार्मसीतल्या एका गोऱ्या सहकाऱ्यानं त्याला पिस्तूल क्लबात नेलं, पाहुणा म्हणून. टेकडीमागे मातीचे उंच बांध, पत्र्याची शेड, पुठ्ठ्याची टार्गेटं. क्लबाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, माणसं चांगली आहेत. धैर्यशीलनं तिथे कुणाच्या तरी हातातलं पिस्तूल धरून तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही बांधात गेल्या, आणि तो घामाघूम होऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी जेवणाचं आमंत्रण होतं. बोलता बोलता तो सहज म्हणून गेला, “काल पिस्तूल चालवलं.”

आणि अकरा माणसं गप्प झाली.

अकरा. त्यानं मोजली होती. त्याच्याकडे बघणारे बावीस डोळे, आणि वाक्य पुरं झालेलं! असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. लाडू हातात धरलेल्या शकुताईसुद्धा थांबल्या. शकुताई म्हणजे जॉन्सनव्हिलच्या निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, आणि त्यांचा फोन सकाळी साडेसातला सुरू होतो तो टौरंगा, हॅमिल्टन, ऑकलंड करत जेवायच्या वेळेला थांबतो. त्या थांबल्या म्हणजे काय ते समजा.

त्या शांततेची चटक लागली. पुढचं सगळं त्या शांततेसाठी.

या देशात पिस्तूल मिळणं सोपं नाही. सहा महिने क्लबात उमेदवारी करावी लागते, परीक्षा, पोलिसांची चौकशी, जमिनीला बोल्ट मारलेली लोखंडी तिजोरी. पोलीस घरच्यांनाही एकटं बसवून विचारतात. सुखदाला एका शांत स्वभावाच्या बाईनं विचारलं, “तुमचे पती रागीट आहेत का? कधी हात उगारतात?”

“आमच्याकडे डास मारायचा असला तरी मला बोलावतात,” सुखदा म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. परवाना मिळाला. धैर्यशीलला आजतागायत वाटतं की तो आपल्या करारी व्यक्तिमत्त्वामुळे मिळाला.

मग पिस्तूल निवडायची वेळ आली. क्लबात रविवारी नेमबाजी झाली की शेडमध्ये चहा होतो, आणि चहाबरोबर ज्याचं त्याचं पिस्तूलपुराण. विरेमू हा रेंजचा अधिकारी, एरवी रस्त्याच्या कामांवर देखरेख करणारा धिप्पाड माओरी माणूस, आवाज मात्र देवळातल्यासारखा हळू. त्याचं आवडतं पिस्तूल म्हणजे बापाकडून आलेलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर.

“सहाच आहेत, त्यामुळे माणूस प्रत्येक गोळीला विचार करतो,” तो म्हणायचा. “माझा म्हातारा एका गोळीला एक श्वास घ्यायचा. मला अजून दीड लागतो.”

एका इलेक्ट्रिशियनचं पिस्तूल लाल ठिपक्याची दुर्बीण वगैरे लावून असं झालं होतं की ते भिंतीला भोक पाडायचं यंत्र वाटे. तो त्याला “माझी तिसरी बायको” म्हणायचा. पहिल्या दोघी का गेल्या ते कळत होतं. आणि ग्लेनिस. वय अठ्ठ्याहत्तर, एके काळी पोस्टात होती. तिच्याकडे पॉइंट टू टूचं, म्हणजे सगळ्यात लहान गोळीचं, एक जुनं पिस्तूल. एकतीस वर्षांत मुठीचं लाकूड तिच्या बोटांच्या आकाराला झिजलेलं. संधिवातानं बोटं वाकडी झाली तर तिनं कानशीनं लाकूडही तेवढंच वाकडं करून घेतलं. पंचवीस मीटरवर ती पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत घालायची आणि मग चष्मा बदलून स्वेटर विणायला बसायची.

सगळ्यांनी धैर्यशीलला एकच सांगितलं: टू टू घे. आवाज कमी, झटका कमी, हात बसेल.

पण टू टूनं जॉन्सनव्हिल गप्प होत नाही. त्यानं घेतलं पॉइंट फोर फाईव्ह. सात गोळ्यांचं, किलोभर वजनाचं, काळंभोर. आवाज असा, की शेजारच्या माणसाच्या कपातला चहा हलावा.

क्लबात त्याचं नाव फार दिवस टिकलं नाही. “धैर्यशील” कुणाला म्हणता येईना. “डाय-री”, “डेअर-या” असं होत होत शेवटी ते “डेअरी”वर येऊन थांबलं. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, दूध, पाव, लॉलीपॉप मिळतं ते. घोडदळाचा सरनोबत क्लबात कोपऱ्यावरचं दुकान झाला. जॉन्सनव्हिलला त्यानं सांगितलं, “तिथे मला डेअर म्हणतात.”

एवढं मोठं पिस्तूल घेतलं खरं, पण सरनोबत रेंजवर करायचा काय? आधी कानात फोमचे बोळे, फार्मसीतले, चांगल्यापैकी. त्यावर मोठे इअरमफ. त्यावर लोकरीची टोपी, भर उन्हाळ्यातही. “प्रोफेशनल सवय,” तो सांगायचा, “कानाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.” मग पाच गोळ्या. पाचच. प्रत्येक गोळीआधी डोळे मिटलेले, मान एका बाजूला वळवलेली, जणू पिस्तुलाला तोंडाचा वास येतो. पाच झाल्या की हा माणूस शेडमध्ये. किटली लाव, कप मांड, चकल्यांचा डबा उघड, रिकामी काडतुसं झाडूनं गोळा कर. बाकीचे शंभर-दीडशे गोळ्या झाडत, तोवर हा चहा करत असे. पिस्तूल उघडून साफ करायचंही त्याला जमत नसे. ते ग्लेनिस करून द्यायची, एका चकलीच्या बदल्यात.

घरी मात्र पिस्तुलाचा मुलखावेगळा थाट. तिजोरी उघडायची, मऊ फडक्यानं वरून पुसायचं, परत ठेवायचं. आणि पार्टीत ऐकवायचं.

“फोर फाईव्ह आहे. भिंतीतून आरपार जाते.”

“कुठल्या भिंतीतून हो, धैर्यशीलराव?” शकुताई विचारायच्या. “इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या. माझा नातू परवा कोपर लागून आरपार गेला.”

लोक हसायचे. पण ऐकायचे! वाक्य पुरं व्हायचं. तेवढं त्याला पुरत होतं.

आता एक नियम होता, आणि हाच नियम या गोष्टीच्या मुळाशी आहे. पिस्तूल बाळगायचं तर वर्षातून बारा दिवस क्लबाच्या नेमबाजीत भाग घ्यावा लागतो. बारा नाही भरले तर क्लबानं पोलिसांना कळवायचं, आणि मग परवाना जाणार, परवान्यामागे पिस्तूल जाणार. क्लबाचं वर्ष ऑक्टोबरअखेर संपतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी विरेमूनं हजेरीची वही उघडली आणि धैर्यशीलला बाजूला घेतलं.

“किया ओरा, डेअरी. तुझे दहा झालेत. दोन हवेत. ऑक्टोबरात चार रविवार आहेत.”

“येतो ना. स्वीट ॲज, काही काळजी नको.”

“आणखी एक. यापुढे चहा केलेला दिवस धरणार नाही मी. दहा गोळ्यांची एक फेरी पुरी करायची, मग सही. उगाच सही केली तर मी खोटा ठरतो, कळलं ना मेट?”

कळलं. दोन दिवस, वीस गोळ्या. एरवीच्या चार रविवारांचं काम दोन रविवारांत. धैर्यशील गाडीत बसला आणि किल्ली हातातच धरून हिशेब करू लागला. पिस्तूल गेलं तर काय? परत हीट पंपाखालच्या पितळी तलवारी, परत अर्धी वाक्यं, परत समोरच्याची नजर खांद्यावरून पलीकडे. पिस्तूल ठेवायचं तर वीस वेळा तो आवाज.

यावर त्यानं उपाय काय काढला? सरावाचा नाही. पूजेचा.

खंडेनवमी तोंडावर आली होती. शस्त्रांची पूजा करायचा दिवस. न्यूझीलंडातली बाकीची मराठी मंडळी त्या दिवशी लॅपटॉप, टोयोटा आणि फार तर गवत कापायच्या मशीनला हळदकुंकू लावतात. ज्याच्या घरी पूजेला खरंखुरं शस्त्र आहे असा आपण एकटा, हे धैर्यशीलच्या ध्यानात आलं आणि त्यानं ग्रुपवर निमंत्रण टाकलं: ‘सरनोबत घराण्याच्या परंपरेनुसार शस्त्रपूजन. सायंकाळी पाच ते सात. अल्पोपाहार.’

“कुठली परंपरा?” सुखदानं विचारलं. “तुमच्याकडे मिरजेला पक्कड आणि टेस्टर पुजायचे. सासूबाईंनीच सांगितलंय मला.”

“तीही शस्त्रंच.”

बावीस माणसं आली. पाटावर लाल कापड, त्यावर रिकामं पिस्तूल. झेंडू या दिवसांत मिळत नाही, म्हणून शेजारच्यांच्या कुंपणावरची कॅमेलियाची फुलं. सुखदानं पाटाच्या कडेला आपला स्टेथोस्कोप ठेवला. “घर यावरही चालतं,” एवढंच म्हणाली. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी ऋग्वेदा दारात टेकून बघत होती.

“बाबा, धिस इज सो क्रिंज.”

“ऋग्वेदा, नमस्कार कर.”

“टू अ गन? नो थँक्स.”

हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मग शकुताई पुढे झाल्या. त्या हात आखडता घेणाऱ्यांतल्या नव्हेत, कशातच.

“अहो, वरवर काय लावताय? शस्त्र आहे ते. आतूनही लागायला हवं. हे काय उघडतं ना मागे?”

धैर्यशीलनं मोठ्या ऐटीत वरची सरकपट्टी, म्हणजे स्लाइड, मागे ओढून दाखवली. बावीस माणसांच्या तोंडून “अरे वा” निघालं. शकुताईंनी उघड्या खाचेत चिमूटभर, मग आणखी चिमूटभर कुंकू सोडलं. आत तेल होतं. पुण्याचं अस्सल कुंकू त्या तेलात छान बसलं. स्लाइड खटकन पुढे आली आणि कुंकू आत बंद झालं.

वाहिलेलं कुंकू लगेच पुसू नये, म्हणून त्यानं पिस्तूल तसंच तिजोरीत ठेवलं. नंतरही पुसलं नाही. पुसायला ते उघडता यायला हवं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो रेंजवर गेला. बरोबर ऋग्वेदा आणि शकुताई. त्यांना त्यानंच बोलावलं होतं. कुणी बघायला असलं तर आपल्याला पळता येणार नाही, असा त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज. त्या अंदाजालाही हा माणूस पुरून उरला.

दहा जण ओळीत उभे राहिले. बोळे, मफ, टोपी. विरेमूचा हळू आवाज आला: भरा, तयार व्हा. धैर्यशीलनं स्लाइड ओढली, ती कुरकुरली. त्यानं डोळे मिटले, मान वळवली आणि चाप ओढला.

धाडकन आवाज झाला. स्लाइड झटक्यानं मागे गेली, आतलं तेलकुंकवाचं लाल गंध त्याच्या मनगटावर, बोटांवर, बाहीवर उडालं, आणि स्लाइड अर्ध्यातच अडकली.

धैर्यशीलनं एक डोळा उघडला. हात लाल.

“थांबा! सगळे थांबा!” विरेमू ओरडला. बाकीची नऊही पिस्तुलं खाली टेकली. विरेमूनं दोन ढांगांत येऊन धैर्यशीलच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, रिकामं केलं, टेबलावर ठेवलं. तोवर धैर्यशील खडीवर बसला होता.

“माझा हात,” तो मराठीत म्हणाला. मग इंग्रजीत म्हणाला. मग म्हणाला, “ॲम्ब्युलन्स बोलवा.”

वीस वर्षं औषधांत घालवलेला माणूस. बोटं पाचच्या पाच हलत होती. दुखत काही नव्हतं. पण हाताकडे बघायचं धाडस नव्हतं, त्यामुळे तो आकाशाकडे बघून विचारत होता, “किती गेलंय? अंगठा आहे का?”

ग्लेनिस प्रथमोपचाराची पेटी घेऊन गुडघ्यांवर बसली. तिनं ओल्या बोळ्यानं एक पट्टा पुसला. खाली कातडी, स्वच्छ, ओरखडाही नाही. तिनं बोळा नाकाशी नेला.

“डेअरी, तुझं रक्त विचित्र आहे. याला देवळाचा वास येतो.”

“इट्स कुंकुम,” ऋग्वेदा मागून म्हणाली. तिला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. “वी डिड अ पूजा. फॉर द गन. दे पुट इट इनसाइड.”

इलेक्ट्रिशियन हसायला लागला आणि शेडच्या खांबाला धरून हसतच राहिला. विरेमू हसला नाही. त्याच्याकडेही नव्या घराला, नव्या गाडीला, होडीला मंत्र म्हणून मगच हात लावतात.

“आशीर्वाद दिलास. चांगलं केलंस,” तो म्हणाला. “पण मेट, आशीर्वाद नळीच्या आत घालायचा नसतो. ऊठ.”

धैर्यशील उठला. शकुताई दोन पावलं पुढे येऊन अगदी निरखून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो बघवत नव्हता.

“एक गोळी झाली,” विरेमू म्हणाला. “नऊ राहिल्या. तुझं पिस्तूल आता धुतल्याशिवाय चालणार नाही.”

“माझं घे,” ग्लेनिस म्हणाली. तिनं आपलं ते झिजलेल्या मुठीचं टू टू त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं. एकतीस वर्षांत तिनं ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. इलेक्ट्रिशियनचं हसू थांबलं. “पापड मोडल्याएवढा आवाज. नऊ गोळ्या. मी शेजारी उभी राहते.”

धैर्यशीलनं पिस्तुलाकडे बघितलं. वाकड्या बोटांसाठी वाकडी केलेली मूठ. त्यानं हात पुढे केलाही. नऊ. मनात त्यानं नऊ आवाज मोजून बघितले, आणि तिसऱ्यालाच त्याची मान आपोआप बाजूला वळली.

“हात दुखतोय,” तो म्हणाला.

“कुठला?” ग्लेनिसनं विचारलं.

त्यानं दोन्ही हातांकडे बघितलं आणि ठरवता आलं नाही.

“मी चहा ठेवतो,” तो म्हणाला आणि शेडकडे गेला.

ग्लेनिसनं आपलं पिस्तूल उचललं, फडक्यात गुंडाळलं. विरेमूनं वही बंद केली, सही न करता. त्या दिवशी चहाही नीट झाला नाही, दूध घालायचं राहिलं.

गाडीत शकुताईंनी पूर्ण रस्ता फोन हातात धरून ठेवला होता, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर बोलल्या. इथे त्यांच्यावर अन्याय नको: शकुताईंनी एकदाही “रक्त” हा शब्द वापरला नाही. त्या फक्त म्हणाल्या, “लाल लाल झालं होतं हो सगळं पिस्तूल. आणि धैर्यशीलराव जमिनीवर. पुढचं मी कशाला सांगू.” पुढचं त्यांनी खरंच सांगितलं नाही. ते ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरी तयार केलं.

अजून तीन रविवार होते, हवे होते दोन. पुढच्या रविवारी धैर्यशील निघाला. पिस्तूल विरेमूनं धुऊन दिलं होतं. डबा भरून चकल्या घेतल्या. क्लबाच्या फाटकापर्यंत गाडी गेली. काचा बंद होत्या, तरी टेकडीमागून आवाज येत होते, एकामागून एक, कोणी तरी दार आपटतंय तसे. त्यानं रेडिओ लावला. रेडिओतूनही ते ऐकू येत होते. पाच मिनिटं तो स्टीअरिंगवर हात ठेवून बसला. सुखदाला काय सांगायचं, विरेमूला काय सांगायचं, जॉन्सनव्हिलला काय सांगायचं, या सगळ्याचा विचार करून झाला. आत जायचा विचार तेवढा होईना. मग त्यानं गाडी वळवली, वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेतलं, आणि घरी येऊन सांगितलं, “आज वारा फार होता, बंद ठेवली रेंज.”

सुखदानं खिडकीबाहेर बघितलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

“वारा का,” ती म्हणाली. “बरं.” आणि पुढे तिनं कधीच काही विचारलं नाही. असं न विचारणं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी फार्मसीत ड्यूटी आहे, असं त्यानं क्लबाला कळवलं. फार्मसी रविवारी बंद असते. चौथ्या रविवारी त्यानं काहीच कळवलं नाही.

नोव्हेंबरातल्या त्या दिवाळीच्या कार्यक्रमात बातमी त्याच्या कानावर आली, तेव्हा तो आधी घाबरला. मग त्यानं बघितलं की जिथे तो उभा राहतो तिथे माणसं गोलाकार थांबताहेत. एका तरुण मुलानं, नुकताच आलेला, डोळे मोठे करून विचारलं, “सर, खरंय का ते?”

धैर्यशीलनं खिशातला हात काढला, मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “त्या विषयावर मला बोलता येत नाही.”

आणि पुन्हा सगळे गप्प झाले. सुखदा ताट घेऊन पलीकडून चालली होती. तिनं ऐकलं, थांबली, नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

कुणी मेलं नाही. कुणाला ओरखडाही आला नाही. पिस्तुलावर होतं ते कुंकू होतं. पोलिसांची जी गाडी लोकांनी बघितली, ती शेजारच्यांची सायकल चोरीला गेली म्हणून आली होती. पिस्तूल जप्त झालं नाही. बारापैकी दहाच हजेऱ्या भरल्या, क्लबानं तसं कळवलं, आणि परवाना जाण्याआधी धैर्यशीलनं ते स्वतः नेऊन बंदुकांच्या दुकानदाराला विकलं. हजेऱ्या भरल्या नाहीत, कारण त्याला आवाजाची भीती वाटत होती.